जनुकातील बदल आणि कर्करोग : संगणकीय अनुमानाचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
उर्दूत एका नुक्त्याची जागा बदलली की 'खुदा'चे 'जुदा' होते. मराठीत मात्र जुन्या 'नाहीं'वरील अनुस्वार गेला तरी अर्थ तोच राहतो. जनुकांतील बदलांचेही असेच आहे. काही निरुपद्रवी असतात, तर काही कर्करोगाचा धोका वाढवतात. हा भेद संगणकाद्वारे कसा ओळखतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीआरसीए-१ चे उदाहरण :
सतराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये वेगळे करण्यात आले. त्यापासून बनणारे १८६३ अमिनो आम्लांचे प्रथिन डीएनएच्या दुरुस्तीस मदत करते. त्यातील ६१ व्या स्थानावरील सिस्टीन जस्ताच्या अणूला धरून ठेवते. तेथे ग्लायसीन आल्यास ही पकड सुटते, प्रथिनाची घडी बिघडते आणि स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

परंतु अनेक बदलांचा परिणाम माहीत नसतो. अहवालात असा 'अनिश्चित' बदल आला, तर शस्त्रक्रिया करावी की नाही, मुलीबहिणींची तपासणी करावी की नाही, हे प्रश्न अधांतरी राहतात. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत बीआरसीए-१ मधील बदलांचा संगणकीय व प्रायोगिक अभ्यास झाला आहे.

अनुमानाच्या पद्धती :
पहिली पद्धत तुलनेची. अनेक प्राण्यांत एखाद्या स्थानी तेच अमिनो आम्ल टिकून असेल, तर तेथील बदल घातक मानला जातो. 'सिफ्ट' (२००१) याच तत्त्वावर चालते. 'पॉलिफेन-२' (२०१०) त्याबरोबर प्रथिनाची रचनाही विचारात घेते. 'अल्फामिसेन्स'ने २०२३ मध्ये ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांचे अनुमान दिले : ३२ टक्के बहुधा घातक, ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, उरलेले अनिर्णित.

मर्यादा :
अनुमान म्हणजे निदान नव्हे. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी संगणकीय पुराव्यास केवळ पूरक स्थान दिले. कुटुंबाचा इतिहास व प्रयोगशाळेतील चाचणी यांची जोड आवश्यक ठरते. शिवाय जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे भारतीयांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तेथे दुर्मिळ, म्हणून संशयास्पद वाटू शकतो. सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची 'जीनोम इंडिया'ची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :
संगणक संशयित बदलांची यादी लहान करतो. निर्णय मात्र तज्ज्ञांनी सर्व पुरावे तपासून घ्यायचा असतो. 'अनिश्चित' म्हणजे 'घातक' नव्हे आणि 'सुरक्षित'ही नव्हे, एवढे जरी अध्यापकांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले, तरी अनेक कुटुंबांची अकारण भीती व घाईचे निर्णय टळू शकतील.