हडसनकाठच्या दोन वाटा

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात हडसन नदीच्या काठाने जाणारा ‘हडसन रिव्हर ग्रीनवे’, म्हणजे मोटारींना मज्जाव असलेला लांब हरितमार्ग, पादचारी आणि सायकलस्वार यांना वेगळे ठेवण्याचा अत्यंत बोधप्रद प्रयोग आहे. १९९८ च्या कायद्याने आकारास आलेल्या हडसन रिव्हर पार्कच्या पट्ट्यात बहुतांश ठिकाणी सायकलमार्ग महामार्गालगत ठेवून पाण्याच्या कडेची प्रशस्त वाट चालणाऱ्यांना दिली आहे आणि या आखणीतील सर्वांत शहाणी गोष्ट हीच होय. कारण ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस नदी पाहायला मध्येच थबकतो, लहान मूल हात सोडून धावते, तर ताशी २० किलोमीटरने येणाऱ्या सायकलस्वाराला पुढचा अंदाज बांधता येईल असा सलग रस्ता लागतो.

अर्थात वाटा वेगळ्या केल्या तरी संघर्ष पुरता मिटत नाही, तो छेदबिंदूंवर, म्हणजे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडतात त्या जागी, एकवटतो: नदीत शिरलेल्या धक्क्यांवरील बागांकडे शहरातून पायी येणाऱ्यास आधी महामार्ग आणि लगेच सायकलमार्ग ओलांडावा लागतो, आणि मोटारींपासून सुटल्याच्या समाधानात सायकलींकडे दुर्लक्ष होण्याची भीती तेथेच अधिक असते.

उत्तरेकडे रिव्हरसाइड पार्कमधील ‘चेरी वॉक’ या भागात महामार्ग आणि पाणी यांमध्ये चिंचोळी पट्टीच उरल्याने दोघांनाही एकच वाट वापरावी लागते, आणि चेरीच्या बहरात, जेव्हा चालणारे फुलांखाली रेंगाळतात, तेव्हा तेथे सायकलस्वाराने वेग उतरवणे हाच एकमेव खरा उपाय ठरतो.