मसाला किती वेळ मुरवायचा?

रविवारी सकाळी लवकर चिकन आणायचं, मसाला लावून ठेवायचं आणि दुपारी तव्यावर परतायचं, अशी अनेक घरांतली रीत. फ्रिज असेल तर हरकत नाही. पण पत्र्याच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, ओट्यावर चार-पाच तास राहिलेलं कच्चं चिकन म्हणजे जुलाब-उलट्यांना आमंत्रण. लहान लेकरांना तर त्याचा फार त्रास होतो. लिंबू, मीठ, हळद लावली म्हणजे जंतू मेले, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही.

मुळात इतका वेळ लागतच नाही. आत मुरतं ते मुख्यतः मीठ. आलं-लसूण, हळद, तिखट वरवरच राहतात. म्हणून तुकडे लहान करा, सुरीने चिरा द्या आणि झाकून अर्धा तास ठेवा. बांगड्याला पंधरा मिनिटं पुरे. लिंबात फार वेळ राहिला तर तव्यावर उलटताना मोडतो.

तवा चांगला तापू द्या आणि तुकड्यांवरचा जादा मसाला निपटून काढा. नाहीतर मसाला करपतो नि आतलं कच्चंच राहतं (माझ्या हातून हे कितीदा झालंय!). मग आच कमी करून झाकण ठेवा. सर्वांत जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. भांड्यात उरलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर ओतू नका, त्याला कच्च्या चिकनचं पाणी लागलेलं असतं. पाणी घालून खळखळून उकळा, रस्सा होईल.

हात तंग असेल त्या आठवड्यात उकडलेली अंडी अर्धी कापून हाच मसाला ताजा करून लावा. ती मुरवायचीही गरज नाही.