एचआयव्ही : निदानाची वाट आपल्या दवाखान्यातून

चरक-सुश्रुतांच्या संहितांत 'फिरंग' रोग नाही. १६ व्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त त्याचे स्वतंत्र वर्णन केले. नवा रोग नवा म्हणून ओळखण्याची ही वृत्ती एचआयव्हीच्या बाबतीतही आपण ठेवावी, असे आम्हांस वाटते.

भारतात या संसर्गाचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार २०१० ते २०२१ या काळात देशातील वार्षिक नवे संसर्ग सुमारे ४६ टक्क्यांनी घटले. २००४ पासून मोफत मिळू लागलेली एआरटी औषधे, गरोदर मातांची तपासणी व निरोधाचा प्रसार यांचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही २०२१ मध्ये सुमारे ६३ हजार नवे संसर्ग झाले, आणि बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातच होती.

वडसा हे भाताच्या पट्ट्यातील रेल्वेस्थानकाचे गाव. मजूर, ट्रकचालक व त्यांच्या घरच्या स्त्रिया दुखणे घेऊन अनेकदा प्रथम आपल्याच दारी येतात. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. गुप्तरोगाच्या व्रणातून एचआयव्हीचा शिरकाव सुलभ होतो, हे ध्यानी घेता केवळ चूर्ण-काढा देऊन अशा रुग्णास परत पाठविणे योग्य नव्हे.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती अशी : उपदंशाचा व्रण, राजयक्ष्मा, महिनाभर न थांबणारा अतिसार वा अकारण वजनक्षय दिसल्यास रुग्णास विश्वासात घेऊन शासकीय रुग्णालयातील मोफत तपासणीस पाठवावे. २०१७ च्या कायद्याने संमती व गुप्तता बंधनकारक आहे. एआरटी चालू असलेल्या रुग्णास ती थांबविण्यास कदापि सांगू नये. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका घटला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

औषधी दुकानदारांनीही 'एड्स समूळ बरा' अशी जाहिरात असलेली पाकिटे फळीवर ठेवू नयेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये, म्हणजे बरे करण्याचा दावा करण्यास मनाई असलेल्या रोगांत, एड्सचे नाव पहिले आहे.

बल्य आहार, निद्रा व धीर देणे आपल्या हाती आहे. वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.