केबलचे टोक : जोड कोणता निवडावा?

विजेची तार तुटली, तर प्रवाह बंद करून दोन टोके पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली की दिवा पुन्हा लागतो. गच्चीवरील डिशपासून येणाऱ्या कोॲक्सियल केबलला मात्र हा उपाय चालत नाही. असे का व्हावे?

विजेच्या ५० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ६००० किलोमीटर असते. तिच्यापुढे दोन सेंटिमीटरची गाठ नगण्य होय. डिशकडून येणारे संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचे असतात. २००० मेगाहर्ट्झच्या तरंगाची केबलमधील लांबी जेमतेम १० ते १२ सेंटिमीटर भरते. येथे जोड हा केबलचाच भाग ठरतो.

कोॲक्सियल केबलमध्ये मध्यतार, भोवती विद्युतरोधक आणि त्यावर धातूची जाळी असते. जाळीचा आतील व्यास व मध्यतारेचा व्यास यांचे गुणोत्तर आणि विद्युतरोधक यांवर केबलचा संरोध ठरतो, लांबीवर नव्हे. भरीव पॉलिथीन असेल, तर ६.५ या गुणोत्तरास ७५ ओहम व ३.५ ला ५० ओहम मिळतात. संरोध बदलतो तेथून तरंगाचा काही भाग मागे फिरतो. ७५ ला ५० जोडल्यास विद्युतदाबाचा २० टक्के, म्हणजे शक्तीचा ४ टक्के भाग परततो. पिळलेल्या जोडात तर ही रचनाच मोडते, शिवाय जाळी उघडी पडून बाहेरचा गोंगाट आत शिरतो.

म्हणून निवड करताना प्रथम संरोध पाहावा. दूरचित्रवाणीसाठी ७५ ओहमचा एफ जोड योग्य. त्यात केबलची मध्यतारच पिन म्हणून वापरली जाते, त्यामुळे तो स्वस्त पडतो; पण जाळीचा एक तंतू जरी तिला टेकला, तरी संदेश थांबतो. प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपला वारंवार जोडावे-काढावे लागते. तेथे किंचित फिरवताच अडकणारा बीएनसी सोयीचा. उघड्यावरील बिनतारी ॲन्टेनासाठी आट्यांचा, रबरी कडी असलेला एन जोड घेतात. बीएनसी व एन दोन्ही ५० व ७५ ओहमचे मिळतात. ५० ओहमच्या एन जोडाची जाड पिन ७५ च्या खोबणीत घातल्यास खोबणी कायमची फाकते.

यानंतर प्रश्न बसवण्याचा. एफ जोड नुसता पिळून बसवता येतो, पण कालांतराने तो सैल होतो. दाबयंत्राने बसवलेला जोड केबलला सर्व बाजूंनी सारखा आवळतो आणि पाणी अडवतो. पाणी जाळीत मुरले की तांबे गंजते व संदेश क्षीण होत जातो. डिजिटल चित्रात हे आधी दिसतच नाही. मर्यादा ओलांडताच चित्राचे चौकोन होतात किंवा ते गोठते. पावसाने स्वतःही संदेश क्षीण होतो; पण पाऊस थांबल्यावरही चित्र सुधारले नाही, तर डिश बदलण्याआधी जोड उघडून पाहावा.

वर्गात जाड दोराला बारीक दोरी बांधून जाड टोकाला एक झटका द्या. गाठीपाशी लहर दुभंगते. थोडी पुढे जाते, थोडी मागे येते. केबलच्या जोडात हेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.