दरबाराकडे पाठ फिरवणारा बांद्याचा कुलकर्णी

3 ऑक्टोबर जवळ आला की अभिजात मराठीची भाषणं सुरू होतात. हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’, मग ‘ज्ञानेश्वरी’, मग तुकोबा. धामापूरच्या तळ्याकाठी राहणाऱ्या मला त्यात आमच्याच जिल्ह्यातला एक माणूस दर वेळी हवा असतो: सोहिरोबानाथ आंबिये.

नाव ओळखीचं आहे. भजनीबुवा त्यांची पदं आळवतात, जितेंद्र अभिषेकींनीही ती गायली. पण ‘संत’ म्हणून हात जोडले की त्यांच्यातला दप्तरी माणूस नजरेआड होतो, आणि मला तोच मोठा वाटतो. जन्म 1714, बांद्याचा. घरात कुलकर्णीपण, म्हणजे गावचा वसूल आणि जमाखर्च लिहिणारी लेखणी. सावंतवाडीच्या राजाचं तातडीचं बोलावणं आलं, वाटेत इन्सुलीच्या रानात ते फणस खायला बसले आणि तिथे गहिनीनाथ भेटले, अशी आख्यायिका. पस्तिशीच्या सुमारास त्यांनी कुलकर्णीपण सोडलं. वतनावर माणसं जीव टाकत होती तो हा काळ! हिशेबाची लेखणी मग ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’ यांसारख्या ग्रंथांकडे वळली.

जपानमध्ये असाच एक जण होऊन गेला. सातो नोरिकियो, निवृत्त सम्राट तोबाचा शरीररक्षक. 1140 मध्ये, ऐन तारुण्यात त्याने दरबार सोडला, भिक्षू झाला आणि साइग्यो या नावाने लिहू लागला. 1205 च्या ‘शिनकोकिनशू’ या राजाज्ञेने झालेल्या संग्रहात सर्वाधिक कविता त्याच्याच, 94. ज्या दरबाराकडे त्याने पाठ फिरवली, त्यानेच त्याला पहिला मान दिला.

सोहिरोबांच्या वाट्याला आलेला दरबार महादजी शिंद्यांचा. जिवबादादा केरकर हे पेडण्याकडचे सरदार त्यांना तिथे घेऊन गेले. महादजी स्वतः भक्तिपर रचना करत. परंपरा सांगते, त्यांनी आपली कविता पुढे ठेवून अभिप्राय विचारला आणि सोहिरोबांनी ती आवडली नसल्याचं तोंडावर सांगितलं. जिवबादादा गडबडले. तेव्हा सोहिरोबांनी, आपल्याला कुणाच्या मर्जीची गरज नाही, अशा अर्थाचं हिंदी पद तिथल्या तिथे रचलं. दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरणाऱ्या माणसासमोर हे बोलायला केवढी छाती लागली असेल! मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना हा प्रसंग सुरुवातीलाच यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

1792 मध्ये उज्जैनच्या मठातून ते निघून गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. गोव्यात पेडणे तालुक्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे.