दारातली गाडी आणि डोक्यावरचा हप्ता

आपल्या वस्त्यांमधून आज चारचाकी गाडी दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, देवळी, आर्वी, कुठेही जा. ज्या घरातील आजोबा सायकलवर जिनिंगमध्ये कामाला जात होते, त्याच घरासमोर नातवाची गाडी उभी आहे. कष्टाने घेतलेल्या वस्तूकडे पाहून कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु गाडी येऊन सहा महिने, वर्ष होते न होते तोच काही घरांत दुसरीच चर्चा सुरू होते. "उगीच घेतली." "थोडे थांबलो असतो तर स्वस्त मिळाली असती." "ही देऊन दुसरी घेऊन टाकू." पती-पत्नीत धुसफूस होते. मुलगा म्हणतो बदला, आई म्हणते विका, आणि वडील काहीच बोलत नाहीत, कारण हप्ता त्यांच्या पगारातून कापला जातो.

आम्ही पेशाने कारकून. हिशेबाची वही हीच आमची सोबतीण. सुटीच्या दिवशी कर्जाचे कागद घेऊन कोणी ना कोणी आमच्याकडे येत असते. त्यांना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो. तुम्हाला पस्तावा नेमका कशाचा होतो आहे? भावाचा, गाडीचा, की हप्त्याचा? वाचक बंधु-भगिनींनो, हे तीन पस्तावे वेगवेगळे आहेत आणि तिघांचे उपायही वेगवेगळे आहेत. ते एकत्र कालवले की घर फसते.

भावाचा पस्तावा

२०२५ साली हा पस्तावा पुष्कळ घरांच्या वाट्याला आला. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरील कर उतरला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. त्याऐवजी १८ टक्के झाला. म्हणजे शोरूममध्ये सात लाखांना मिळणारी गाडी, कर पुरता उतरवून दिला तर, सुमारे सहा लाख चाळीस हजारांवर आली. ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये गाडी घेतली, त्यांचे साठ हजार डोळ्यांदेखत गेले असे त्यांना वाटले. वाटणारच!

पण हा कर परत मिळत नाही. त्या दिवशी कायदा जो होता त्याप्रमाणे तो भरला गेला. आणि गाडी विकून किंवा बदलूनही ते साठ हजार हाती येत नाहीत. उलट नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. तेव्हा या पस्ताव्याला एकच औषध आहे, ते म्हणजे विसरणे. गेलेल्या पैशासाठी आणखी पैसा घालवू नये.

गाडीचा पस्तावा

दुसऱ्या प्रकारात गाडीच मनाजोगी निघत नाही. पावसाळ्यात गावच्या पांदणीवर खाली घासते. घरात माणसे सहा आणि जागा पाचांची. आजीला वाकून बसता येत नाही. शहरात सरावाची होती, पण समृद्धी महामार्गावर नेली की छाती धडधडते.

येथे आमचे सांगणे असे की आधी यादी करावी. वर्षभरात गाडी कोठे कोठे गेली? लग्ने किती, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या खेपा किती, नागपूर किती वेळा? ज्या गैरसोयीमुळे गाडी बदलायची म्हणता, ती वर्षातून दोनदा येते की रोज? दोनदा येत असेल तर गाडी डांबरी रस्त्यावर उभी करून पांदणीने पायी जाणे, किंवा एखाद्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने करणे, हे लाखभराच्या तुटीपेक्षा स्वस्त पडते. रोजची अडचण असेल तरच बदलण्याचा विचार करावा.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. गाडी न आवडणे वेगळे आणि गाडीत दोष असणे वेगळे. न आवडलेली नवी गाडी अमुक दिवसांत परत करण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. पण गाडीतच निर्मितीचा दोष असेल, दुरुस्तीला वारंवार टाकूनही तो जात नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. प्रत्येक खेपेचा जॉबकार्डचा कागद जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सदोष गाडी निमूटपणे घाट्यात विकून टाकू नये.

हप्त्याचा पस्तावा

हा खरा पस्तावा. बहुतेकांना वाटते गाडी चुकली. मुळात हप्ता चुकलेला असतो. आणि हप्त्याच्या दुखण्यावर दुसरी गाडी हे औषध नव्हे. कसे ते आकड्यांनी पाहू.

समजा, एका कुटुंबाने ऑगस्ट २०२५ मध्ये सात लाखांची पेट्रोल गाडी घेतली. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर, म्हणजे ७७ हजार. विमा, नोंदणी वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वाआठ लाखांच्या घरात गेली. घरचे सव्वा लाख घातले आणि सात लाख कर्ज काढले. व्याज १० टक्के, मुदत सात वर्षे. हप्ता बसतो महिन्याला ११,६२१ रुपये.

एका वर्षात या कुटुंबाने भरले सुमारे १,३९,४५० रुपये. त्यातून मुद्दल किती फिटले? फक्त ७२,७०० च्या आसपास. बाकीचे व्याज. अजून देणे शिल्लक ६,२७,३०० रुपये.

आता गाडीची किंमत पाहा. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, तो पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के असा चढत जातो. तुमच्या पॉलिसीवर 'आय.डी.व्ही.' म्हणून जो आकडा असतो तो हाच. तो धरला जातो आजच्या नव्या गाडीच्या किमतीवर. म्हणजे ६,४०,००० वजा २० टक्के, ५,१२,०००. बाजारात याहून कमी-जास्त मिळेल, पण अंदाजाला हा आकडा पुरे.

देणे ६,२७,३०० आणि किंमत ५,१२,०००. तूट सुमारे १,१५,००० रुपये. शिवाय मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचा आकार बँकेने करारात लिहिला असेल तर तो वेगळा.

शोरूममधला माणूस म्हणेल, "काळजी नको साहेब, तेवढे नव्या कर्जात मिसळून देतो." येथेच सावध व्हावे. तशीच नवी गाडी आता रस्त्यावर येईपर्यंत समजा ७,५३,००० ला पडते. त्यात ही तूट मिसळली आणि हातचे काही घातले नाही तर कर्ज होते ८,६८,०००. त्याच व्याजाने सात वर्षांचा हप्ता १४,४१० रुपये. जुनी गाडी ठेवली असती तर उरलेले ७२ हप्ते मिळून ८,३६,७०० रुपये भरायचे होते. आता ८४ हप्ते मिळून १२,१०,४०० भरायचे. पावणेचार लाखांचा फरक! आणि दारात काय? तशीच गाडी, फक्त एका वर्षाने नवी.

मग काय करावे?

हप्ता जड आहे पण झेपतो, असे असेल तर गाडी ठेवावी आणि मुद्दल खाली आणावे. बोनस आला, कापसाचे पैसे आले, थकबाकी मिळाली, तर करारातील अट वाचून काही रक्कम मुद्दलात भरावी. वरच्याच उदाहरणात वर्ष संपल्यावर पन्नास हजार भरले आणि हप्ता तोच ठेवला तर सात हप्ते पूर्ण वाचतात आणि आठव्याचाही बराच भाग वाचतो. गाडी जेवढी जास्त वर्षे वापराल तेवढा पहिल्या वर्षांचा घसारा पसरतो.

हप्त्यापायी मुलीची फी थांबत असेल, दुकानात उधारी वाढत असेल, दुसरे कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरला जात असेल, तर मात्र गाडी विकावी आणि तिच्या जागी दुसरी घेऊ नये. तूट एकदाच भरावी लागेल, दहा हप्त्यांएवढी. पण बाकीचे बासष्ट हप्ते सुटतात, शिवाय पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग सुटते. ही तूट सावकाराकडून मात्र आणू नये. आणि हप्ते थकवून गाडी ओढून नेण्याची वेळ येऊ देऊ नये. तशी विकलेली गाडी मातीमोल जाते आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलो की तो थकवा समोर येतो. आधीच बँकेत जाऊन बोलावे.

गाडी नसली तर अडेल का, याचाही हिशेब करावा. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. वर्ध्याहून नागपूरला रेल्वे आहेच. वर्षातून बारा वेळा भाड्याची गाडी केली आणि दर खेपेला तीन हजार गेले असे धरले, तरी छत्तीस हजार होतात. एवढे पैसे हप्त्याच्या सुमारे तीन महिन्यांतच जातात.

विकताना कागद सांभाळा

गाडी दिली, पैसे घेतले, किल्ली सोपवली, म्हणजे व्यवहार संपला असे नव्हे. नोंदणी पुस्तकावर तुमचे नाव असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली हेच सांगितले. गाडी हातोहात विकली गेली तरी अपघाताची भरपाई नोंदीवरच्या मालकावर येते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात नाव बदलले की नाही हे स्वतः पाहावे. आपल्या एम.एच. ३२ च्या गाडीची नोंद परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरही दिसते. मुलांकडून पाहून घ्यावी. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवावा. गाडी व्यापाऱ्याला देत असाल तर त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे का ते विचारावे. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत व्यापाऱ्याला फॉर्म २९सी ने गाडी सोपवता येते आणि तेथून पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते.

भाव एकाकडे विचारून भागत नाही, तीन ठिकाणी विचारावा. जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीवरची सूट हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. एका हाताने 'एक्स्चेंज बोनस' देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे अवघड नसते. विम्याचा दावा केला नसेल तर पहिल्या वर्षाची २० टक्के 'नो क्लेम' सवलत गाडीची नसून तुमची असते. ती नव्या गाडीच्या विम्यावर नेता येते. तिचे पत्र विसरू नका.

लोक काय म्हणतील?

इतका हिशेब मांडल्यावरही माणसे गप्प बसतात. मग हळूच म्हणतात, "साहेब, सगळे पटते. पण दारातली गाडी गेली तर वस्तीत काय तोंड दाखवायचे?"

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्याला वाहनाची किंमत पैशात कळत नाही, मानात कळते. त्याला इतिहास आहे. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार झाले नाहीत. पाहुणा पायी जाऊ नये म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकण्याचा सराव नव्हता अशा आपल्यातल्याच माणसाला बसवले. नदीवरच्या मोरीवर टांगा अडखळला, बाबासाहेब फेकले गेले, पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हा प्रसंग सांगताना त्यांनी टांगेवाल्यांच्या जातीच्या अहंकारावर बोट ठेवलेच, पण आपला मान राखण्यासाठी लोकांनी आपला जीवच पणाला लावला हेही नोंदवले.

दारातली गाडी टिकवण्यासाठी मुलीचे कॉलेज पणाला लावणे, आजोबांचे औषध मागे ठेवणे, हेही तसेच आहे. मानासाठी आपण ज्याला सांभाळायचे त्यालाच धोक्यात घालतो. गाडी विकणाऱ्याला वस्तीत खाली पाहायला लावू नये, ही जबाबदारी मात्र आपली सर्वांची आहे. "काय हो, गाडी गेली वाटते?" हा खवचट प्रश्न आपण विचारायचा थांबवला, तर कितीतरी घरे वेळेवर निर्णय घेतील.

आज संध्याकाळी जेवणे झाल्यावर बँकेचे विवरण, विम्याची पॉलिसी आणि वही घेऊन घरातल्या सर्वांनी बसावे. हप्ता ज्यांच्या पोटाला लागतो त्या बायकामुलांना वगळून हा निर्णय होऊ नये. शिल्लक देणे एका बाजूला, गाडीची आजची किंमत दुसऱ्या बाजूला लिहावी. खाली लिहावे: ठेवली तर पुढे किती जाईल, विकली तर किती, बदलली तर किती. मागे किती गेले हा रकाना आखूच नये.