खात्यात पैसे आहेत, तरी मेट्रोचे गेट का उघडत नाही?

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या एक मावशी विहाराच्या पायरीवर थांबल्या. त्या धुण्याभांड्याची कामे करतात, मेट्रोने ये-जा करतात. पिशवीतून डेबिट कार्ड काढून म्हणाल्या, "ताई, खात्यात साडेतीन हजार आहेत. तरी गेट उघडलं नाही. मागचा माणूस म्हणाला, पैसे नसतात तर लाइनीत येता कशाला?"

पैसे होते. पण गेट ज्या खिशात हात घालते, त्या खिशात नव्हते.

ज्या रूपे डेबिट कार्डावर एनसीएमसीचे चिन्ह असते, त्या कार्डात दोन खिसे असतात. एक तुमचे बँक खाते. दुसरा थेट कार्डाच्या चिपमध्ये, त्याला ऑफलाइन वॉलेट म्हणतात आणि त्यात जास्तीत जास्त २,००० रुपये ठेवता येतात. ही योजना मार्च २०१९ मध्ये अहमदाबादमधून सुरू झाली. आज मुंबई मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गांवर, पुणे मेट्रोत, दिल्लीत असे कार्ड चालते.

गेटला प्रत्येक प्रवाशासाठी बँकेला विचारत बसायला वेळ नसतो. सकाळच्या गर्दीत नेटवर्क अडकले तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून गेट बँकेला विचारतच नाही. कार्ड टेकवले की ते खरे आहे का हे गेट चिपवरून तपासते आणि कुठल्या स्थानकातून आत गेलात ते चिपवरच लिहून ठेवते. बाहेर पडताना ती नोंद वाचून भाडे काढते आणि चिपमधली शिल्लक तेवढी कमी करते. दिवसभराचे व्यवहार बँकेकडे नंतर एकगठ्ठा जातात. त्यामुळे पासबुकात प्रवासाचे भाडे दिसत नाही, फक्त वॉलेट भरल्याची रक्कम दिसते. बाहेर पडताना कार्ड टेकवायचे राहिले, तर चिपच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. दुसऱ्या दिवशी गेट अडवते आणि काउंटरवर जाऊन ती नोंद मिटवून घ्यावी लागते.

मावशींच्या मुलाने मोबाइलवरून दोनशे रुपये भरलेही होते. पण मोबाइलवरून भरलेली रक्कम आपोआप चिपवर चढत नाही. स्थानकातल्या मशीनवर किंवा काउंटरवर कार्ड टेकवून ती उतरवून घ्यावी लागते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मशीनवरच्या सूचना इंग्रजीत, अक्षर बारीक. ज्यांना या सोयीची सर्वाधिक गरज, त्यांनाच वाचता येणार नाही अशी सोय आपल्याकडे नेहमी होते.

नुसते 'टॅप' केले म्हणजे ऑफलाइन, असेही नाही. दुकानात ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय टॅप होते, पण ते पैसे खात्यातून आणि नेटवर्कवरूनच जातात. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर कार्ड चालवले तरी तसेच. लोकलला अशी गेटही नाहीत. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्यांनी म्हणून लोकलसाठी या वॉलेटवर विसंबू नये, थोडी रोकड जवळ ठेवावी.

आता जोखमीची गोष्ट. चिपमधल्या पैशांना पिन नाही, व्याज नाही, एटीएममधून ते काढता येत नाहीत. कार्ड हरवले तर बँकेला कळवून खाते वाचते. चिपमधली रक्कम मात्र पडलेल्या नोटेसारखी गेली असेच समजा. रोजंदारीवर जगणाऱ्याने दोन हजार भरून ठेवू नयेत, आठवड्याच्या भाड्यापुरते पुरे. कार्डाची मुदत संपत आली असेल तर आधी शिल्लक वापरून टाका.

ज्यांचे खातेच नाही किंवा कागदपत्रे अपुरी आहेत, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केवायसीशिवाय फक्त प्रवासासाठीच्या प्रीपेड कार्डाला परवानगी दिली. त्यात ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते.

मावशी आता दर सोमवारी काउंटरवर शंभर रुपये रोख भरतात आणि पावती मागून घेतात.